घर उतरवताना सापडलेली लोखंडी वस्तू ओळखायची कशी?

पावसाळा सरला की आमच्याकडे जुनी घरं उतरवायला घेतात. खानापूर, हुक्केरी, निपाणी, बेळगावचा ग्रामीण भाग, कुठंही जा. मातीच्या भिंती पडल्या की माळ्यावरून, गोठ्याच्या कोनाड्यातून, बुजलेल्या आडाच्या गाळातून काहीतरी लोखंडी निघतंच. मग त्याचा फोटो मला येतो, खाली दोनच शब्द: "काय हे?" फोटोतली वस्तू चकचकीत असते. तारेच्या ब्रशने नाहीतर ग्राइंडरने घासून झालेली असते, आणि ओळख पटायला ज्या खुणा लागतात त्या बहुतेक वेळा गंजाच्या भुग्याबरोबर अंगणात पडून गेलेल्या असतात.

चूक एकच, पण सगळे तीच करतात. आधी साफ करतात, मग नाव ठरवतात, मग पुरावा शोधतात. खाली दिलेला क्रम नेमका उलटा आहे. त्यात घाई करू नका. एका वस्तूला अर्धा दिवस लागला तरी चालेल.

## तयारी: हात लावण्याआधी

जवळ एवढं ठेवा: कापडी हातमोजे, रंगाचा मऊ जुना ब्रश, बांबूची चपटी काडी, फूटपट्टी आणि मोजपट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा, लोहचुंबक, दोरा, पांढरे कागद, शिसपेन्सिल आणि टॉर्च. कानस, सँडपेपर, तारेचा ब्रश, लिंबू, चिंच, ॲसिड यातलं काहीही आज लागणार नाही.

इशारा १. वस्तू लांबट, गोल पोटाची, एका टोकाला निमुळती किंवा शेपटीला पंख असलेली असेल, तर तिला हलवू नका. बेळगावला लष्कराचा वावर जुना आहे. न फुटलेला तोफगोळा किंवा बॉम्ब गंजून साध्या लोखंडी गोळ्यासारखा दिसतो. पोरांना लांब करा, ११२ वर फोन करा. "एवढी वर्षं काही झालं नाही" हे कारण पुरेसं नाही, कारण जुनी स्फोटकं कालांतराने जास्त बेभरवशाची होतात. गाडीवर घालून पोलीस ठाण्यात नेणं ही तर सगळ्यात वाईट कल्पना.

इशारा २. वस्तूबरोबर नाणी, मूर्ती, दागिना, ताम्रपट असं काही निघालं तर काम तिथंच थांबवा. पुरलेला ठेवा सापडल्यावर सरकारला कळवणं बंधनकारक आहे. कर्नाटकात त्यासाठी १९६२ चा कायदा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू आणि पुरावशेषांना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होतो. तलवार, बंदुकीची नळी, खंजीर निघाला तर तोही ठाण्यात दाखवा.

धनुर्वाताच्या इंजेक्शनचं मात्र सगळे विसरतात. गंजक्या कडेने बोट कापलं तर हळद दाबून बसू नका, दवाखान्यात जा.

## टप्पा १: जागा लिहून घ्या

वस्तू उचलण्याआधी जिथं आहे तिथं एक फोटो काढा. मग वहीत लिहा: कुठल्या खोलीत, किती उंचीवर, कशाच्या शेजारी. "घरात सापडलं" एवढं लिहून काही हाती लागत नाही. "गोठ्याच्या दाराच्या आत, उजव्या हाताला, खुंटीला अडकवलेलं, खाली जुवाचा तुकडा" एवढं लिहिलंत तर निम्मं काम तिथंच होतं.

आडाच्या गाळातून निघालेल्या वस्तूचं उदाहरण घ्या. चार-पाच वाकडे आकडे एका कडीला जोडलेले असतील तर लोक त्याला शस्त्र समजतात. तो गळ असतो, विहिरीत पडलेली घागर किंवा बादली काढायचा. तोच गळ माळ्यावर सापडला तर ओळखायला वेळ लागतो. विहिरीतच दोरी तुटून राहिलेला असेल तर लगेच कळतो.

भोवतीची माती, कुजक्या लाकडाचे तुकडे, चामड्याची पट्टी, सुतळी फेकू नका. पिशवीत घालून चिठ्ठी लावा. पाचव्या टप्प्यात लागेल.

## टप्पा २: फक्त कोरडी सफाई

ब्रशने सुटी माती झाडा. भोकात, खाचेत अडकलेली माती बांबूच्या काडीने अलगद काढा आणि ती कागदावर घ्या. पाणी नको. पापुद्रे सुटत असतील तर ते ओढू नका.

काडीने भोक साफ करताना आत लाकडाचा चुरा, काळा राळेसारखा थर किंवा वंगणाचा चिकट गोळा लागला तर थांबा आणि लिहून ठेवा. लाकूड म्हणजे तिथं दांडा होता. वंगण म्हणजे तिथं काहीतरी फिरत होतं.

तपासा: या टप्प्यानंतर वस्तू अजून घाणेरडीच दिसायला हवी. देखणी दिसू लागली असेल तर तुम्ही जास्त घासलंय.

## टप्पा ३: मोजमाप, वजन, फोटो

फूटपट्टी शेजारी ठेवून सहा बाजूंनी फोटो काढा. शेजारी काडेपेटी किंवा हात ठेवू नका, कारण हाताचं माप प्रत्येकाचं वेगळं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, नाहीतर टॉर्च आडवी धरून आणखी दोन फोटो घ्या. समोरून फ्लॅश मारला की हातोड्याचे ठोके आणि पुसट अक्षरं दोन्ही गायब होतात.

मापं मिलिमीटरमध्ये घ्याच, पण इंच आणि सुतातही लिहा. आठ सूत म्हणजे एक इंच हा हिशेब आपल्याकडचा लोहार आणि सुतार अजून बोलतो. त्याला "बारा मिलिमीटर" सांगाल तर तो क्षणभर थांबेल, "चार सूत" म्हणाल तर लगेच हात पुढे करील. जाडी तीन-चार ठिकाणी मोजा. सगळीकडे सारखी नसेल तर ती गोष्ट महत्त्वाची आहे.

वजनही सांगून जातं. वर कडी असलेला लोखंडी ठोकळा ९३३ ग्रॅमच्या आसपास भरला तर तो ८० तोळ्यांचा शेर असण्याची शक्यता मोठी. २३३ च्या जवळपास असेल तर पावशेर. गंजाने थोडं वजन घटतं ते धरून चला. ४५४ ग्रॅम म्हणजे एक पौंड.

## टप्पा ४: बीड, घडीव की पोलाद?

आधी चुंबक लावा. चिकटलं नाही तर ते बहुधा लोखंड नाही. पितळ असेल किंवा शिसं, आणि मग हा लेख बाजूला ठेवा.

चिकटलं तर पुढचं बघा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. साच्याच्या दोन भागांचा सांधा जिथं येतो तिथं एक बारीक उंच रेघ राहते, बोटाने लागते. तुटलेला भाग करडा आणि खडबडीत असतो. ठोकलं तर आवाज बसका येतो. घडीव लोखंडावर हातोड्याच्या ठोक्यांचे चपटे डाग दिसतात, कडा जरा वेड्यावाकड्या असतात, दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या नसतात. फार जुनं घडीव लोखंड गंजलं की त्यावर लाकडाच्या तंतूंसारख्या लांब रेघा उमटतात. एकदा पाहिल्या की त्या विसरत नाहीत.

ठिणगीची परीक्षा (फिरत्या ग्राइंडरला टेकवून ठिणग्या बघायच्या) हवी असेल तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या किंवा गावातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये होईल, पण वस्तू साधं अवजार आहे असं वाटत असेल तरच, आणि न दिसणाऱ्या कोपऱ्यात एक क्षणच. डोळ्यांवर चष्मा हवाच. बीडाची ठिणगी आखूड आणि लालसर असते. घडीव लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळसर, फारशा न फुटणाऱ्या. पोलादात कार्बन जितका जास्त तितक्या ठिणग्या टोकाला जास्त फुलतात, फुलबाजीसारख्या.

याचा उपयोग काय? बीड ठिसूळ. त्याची पहार होत नाही, विळा होत नाही, कुऱ्हाड होत नाही. बीड निघालं तर यंत्राचा भाग, घाण्याची लाट, चाकाच्या तुंब्यातलं नळकांडं, शेगडी, वजन या दिशेने जा. पोलाद निघालं, तेही एकाच कडेला, तर धारेचं हत्यार. लोहार महाग पोलाद फक्त धारेपुरतं लावायचा.

## टप्पा ५: लाकूड कुठं होतं ते शोधा

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. लोखंड राहतं, लाकूड जातं. आमच्या पावसात आणि वाळवीत तर फार लवकर जातं. तुमच्या हातातली वस्तू बहुतेक वेळा पूर्ण वस्तू नसतेच. ती कुठल्यातरी लाकडी अवजाराचा उरलेला तुकडा असतो. म्हणून "हे काय आहे" असं विचारण्याआधी "हे कशाला लावलेलं होतं" ते विचारा.

चार जागा बघा. गोल किंवा चौकोनी खोबण असेल तर दांडा तिथं शिरत होता: कुदळ, टिकाव, कुऱ्हाड, फावडं. मागे निमुळता शेपटा असेल तर तो लाकडी मुठीत घुसत होता: विळा, खुरपं, कोयता. चौकोनी भोकं असतील तर घडीव खिळे होते, म्हणजे पट्टी लाकडावर ठोकलेली होती. आणि यातलं काहीच नसेल, नुसतं कडं किंवा पट्टा असेल, तर ते लाकडाभोवती आवळलेलं होतं.

एका नात्यातल्या काकांनी असंच एक कडं माझ्याकडे आणलं. अंडाकृती, आतून साधारण चार इंच लांब, अडीच इंच रुंद. घरात सगळ्यांनी ठरवलेलं, कैद्याच्या पायातली बेडी, नाहीतर किल्ल्यावरचं कडं. मी दोन गोष्टी विचारल्या. बिजागरी किंवा कुलूप लावायची जागा कुठाय? नव्हती. मग पाय त्यात घालायचा कसा आणि काढायचा कसा? काका गप्प झाले. कडं बंद होतं, जोड तापवून बसवलेला. याचा अर्थ लाकडाचं टोक त्यात सारून ठोकून घट्ट करत असणार. आपण अवजाराकडे आलो होतो, पण कुठल्या, ते झिजेने सांगितलं.

आपल्या भागातल्या काही फसव्या वस्तू सांगतो. अर्धचंद्रासारखी चपटी पातळ पट्टी, बाहेरच्या कडेला ओळीने भोकं: बैलाची पत्री. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन लागतात. लोक घोड्याच्या नालेचा तुटका अर्धा समजतात. जाड पट्टीला एकापेक्षा एक लहान होत गेलेल्या भोकांच्या ओळी: सोनाराची तार ओढायची जंत्री. बोटाएवढं टोकदार पोकळ टोपण: शहापूर-वडगावच्या विणकर घरात सापडलं तर आधी धोट्याच्या टोकाचा विचार करा. निपाणीकडच्या घरात भोक नसलेला छोटा आयताकृती पत्रा निघाला, कडा गुळगुळीत, तर विडीचं पान कापायचं माप असू शकतं.

इशारा ३. "किल्ल्यातलं असेल" हा अंदाज सगळ्यात शेवटी करा. राजहंसगड, वल्लभगड, भीमगड जवळ आहेत म्हणून घरातलं प्रत्येक लोखंड गडावरून आलेलं नसतं. गोठा शंभर पावलांवर असतो.

## टप्पा ६: झीज वाचा

आकार फसवतो, झीज फसवत नाही. वस्तू डोळे मिटून बोटांनी चाचपा. कुठं गुळगुळीत लागतं? कुठं पातळ झालंय? कुठं कड बाहेर दबून ओठासारखी वळलीय?

माथा असा ओठासारखा दबलेला असेल तर त्यावर हातोडा बसत होता: छिन्नी, पाचर, पहार. एकाच बाजूने पातळ झालं असेल तर ती बाजू मातीत घासली. भोक एका अंगाला लांबट झालं असेल तर त्यात साखळी किंवा कडी ओढ खात होती, आणि लांबट टोकावरून ओढीची दिशा कळते. आतून गोल गुळगुळीत असेल तर काहीतरी फिरलं.

काकांच्या कड्याची वरची जाडी चार सूत होती, खालची दोन सुतांनाही कमी. आतल्या बाजूला खाली एक सपाट, चापून बसलेला पट्टा, दीड इंच रुंद. म्हणजे आत लाकूड एकटं नव्हतं, लाकडाबरोबर एक लोखंडी पट्टी दाबलेली होती, आणि बाहेरून खालची बाजू वर्षानुवर्षं जमिनीत घासत होती. तिथं माझ्या मनात नाव आलं, पण मी ते बोललो नाही. का, ते आठव्या टप्प्यात.

एक अडचण लक्षात ठेवा. आपल्याकडे लोखंड फेकत नसत, त्याचं दुसरं काहीतरी करत. जुन्या कानशीची सुरी होते, गाडीच्या पाट्याचा कोयता, बैलगाडीच्या धावेची खिडकीवरची पट्टी, रुळाच्या तुकड्याची ऐरण किंवा शाळेची घंटा. दोन प्रकारची झीज दिसली, एक दुसरीवर चढलेली, तर वस्तूचे दोन जन्म झालेत असं समजा आणि दोन्ही लिहा. सुरीच्या पात्यावर कानशीचे तिरपे दाते पुसट दिसतात ते असेच.

## टप्पा ७: अक्षरं आणि आटे

अक्षरं असतील असं वाटलं तर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी फिरवा. खडूने किंवा पिठाने अक्षरं भरू नका, पीठ ओल धरतं.

"एस. एम. आर." (सदर्न मराठा रेल्वे) किंवा "एम. अँड एस. एम." असं उठलं तर तो रेल्वेचा माल. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे १९०८ साली झाली आणि १९५१ साली दक्षिण रेल्वेत गेली. ते सामान पुढेही कित्येक वर्षं वापरात राहिलं, म्हणून अक्षरांवरून घडणीचा काळ कळतो, घरात आल्याचा नाही. रेल्वेचा माल विनापरवाना बाळगणं १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा असं काही विकायला काढू नका.

बीडावर मराठी किंवा इंग्रजी उठावाची अक्षरं असतील तर शेतीच्या यंत्राचा विचार आधी करा. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला जाण्याआधी लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावातच कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करत होते. नंतर तर अशी अवजारं गावोगाव पोचली. त्यांचे सुटे भाग अजून निघतात.

नट-बोल्ट असेल तर आट्यांवर पट्टी ठेवून एका इंचात किती आटे बसतात ते मोजा. अर्ध्या इंचाच्या बोल्टला नेमके बारा आले तर ते इंग्रजी व्हिटवर्थ माप. भारतात मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, पण इंची बोल्ट त्यानंतरही खूप वर्षं वापरले गेले. त्यामुळे इंची आटे म्हणजे "जुनं असू शकतं", एवढंच.

## टप्पा ८: नाव विचारायचं कसं

आता माणसांकडे जा. आधी नाही.

कुणाला विचारता ते महत्त्वाचं. लोहार, सुतार, बैल ठेवलेला शेतकरी, गुऱ्हाळावर काम केलेला माणूस आणि सत्तरीपुढच्या बायका. स्वयंपाकघरातल्या आणि गोठ्यातल्या कितीतरी वस्तूंची नावं फक्त आजींना ठाऊक असतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही.

वस्तू हातात द्या आणि गप्प राहा. "ही बेडी आहे का हो?" असं विचारलंत की समोरचा मान डोलावतो. आपल्या माणसांना पाहुण्याला नाही म्हणणं जड जातं. नाव ऐकण्यापेक्षा हात बघा. ज्याने वस्तू वापरलीय त्याचा हात तिला बरोबर बाजूने धरतो.

ते कडं मी खानापूरकडच्या एका वाडीत एका आज्जांच्या, म्हणजे आजोबांच्या, हातात दिलं. त्यांनी ते उलटं केलं, पातळ बाजू जमिनीकडे धरली, डाव्या हाताची दोन बोटं आत घातली आणि म्हणाले, "वसू हाय की रे. फाळ ह्यातनं बसतोय." नांगराच्या तोंडाला फाळ आवळून धरणारं कडं. सपाट पट्टा फाळाचा, पातळ बाजू मातीची. माझ्याही मनात तेच आलं होतं, पण मी ते आधी बोललो असतो तर आज्जांचा हात मला दिसला नसता.

आणि एकाच भाषेत विचारून थांबू नका. सीमाभागात अवजार एक आणि नावं तीन असतात. कन्नडमध्ये नांगराला नेगिलु, कुळवाला कुंटे, पाभरीला कूरिगे, विळ्याला कुडुगोलु, कुऱ्हाडीला कोडली, पहारेला हारे. मराठी माणसाला न आठवलेलं नाव शेजारचा कन्नड शेतकरी सहज सांगतो, आणि दोघांनी वेगवेगळ्या नावांनी एकच काम सांगितलं तर तो भक्कम पुरावा.

## टप्पा ९: उलट तपासणी

नाव मिळालं की ते खोडायचा प्रयत्न करा. ही वस्तू अमुक असेल तर तिच्यावर काय दिसायलाच हवं? बैलगाडीच्या आखाची खीळ असेल तर वंगणाचा काळा डाग हवा. गुळाच्या काहिलीची कडी असेल तर रिबिटाची भोकं आणि भाजल्याचा काळेपणा हवा. मोटेचं कडं असेल तर चामडं शिवायची किंवा दोर ओवायची जागा हवी. वसूचं म्हणाल तर गावात जुना लाकडी नांगर उरलेला होता, तिथं जाऊन ते कडं चढवून पाहिलं. दोन सूत सैल, कारण लाकूड आटलेलं. पण बसलं.

तपासा: साहित्य, लाकडाची जागा, झीज आणि माणसाचं सांगणं, या चारांपैकी तीन जुळले तर नाव लिहा. दोनच जुळले तर नावापुढे प्रश्नचिन्ह घाला. एकावर अडून बसू नका.

## टप्पा १०: आता साफ करा, ठेवा

आता पाहिजे तर गंज काढा, तोही सगळा नाही. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून सकाळी जुन्या टूथब्रशने घासा, पुसा, उन्हात पूर्ण वाळवा. चूल, दिवा, विडी जवळ नको. मग शिलाई मशीनचं पातळ तेल फडक्याने लावा. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावू नका, ते चिकटतं आणि धूळ धरतं. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवाल तर आत घाम धरून दसऱ्यापर्यंत पुन्हा लाल होईल. सुती कापडात गुंडाळून, भिंतीपासून लांब, उंचावर ठेवा. रंग लावू नका.

दोऱ्याने एक चिठ्ठी बांधा. तीवर मराठी नाव, कन्नड नाव, गाव, घरात कुठं सापडलं, कोणत्या महिन्यात, आणि कुणी ओळखलं. पेनची शाई ओलीत पसरते, म्हणून शिसपेन्सिलीने लिहा. काकांच्या कड्याच्या चिठ्ठीवर "वसू" आहे, खाली "गोठा, दाराच्या आत, खुंटीवर" आहे, आणि त्याखाली आज्जांच्या वाडीचं नाव.